डावा हात पुढे

पत्र मंगळवारी आलं आणि भेट गुरुवारी ठेवलेली. म्हणजे चिडायला मधे जेमतेम दीड दिवस. अक्काला एवढा वेळ लागत नाही, तिला पाव तास पुरतो.

धाकटीने पत्र आधी मनात वाचलं, मग नवऱ्याकडे दिलं. त्याने वाचून परत तिच्याकडे सरकवलं. जेवणाच्या टेबलावर तो कागद इकडून तिकडे फिरत राहिला, जणू ज्याच्या हातात सापडेल त्याच्यावर राज्य येणार होतं.

"अगं मोठ्याने वाच की," अक्का म्हणाली. "माझी बदनामी आहे का त्यात?"

"तुझ्या एकटीची कशाला? आपल्या सगळ्यांचीच आहे."

अक्का धाकटीची सख्खी मोठी बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आपल्या देशात तिचं स्वतःचं बाइंडिंगचं दुकान. शाळांची हजेरीपुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं, वकिलांचे जाडे ग्रंथ, सगळं तिच्या हाताखालून जायचं. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे वाचायला शिकली ती फर्मे, म्हणजे छापील पानांचे जुडगे, लावताना, कुठलं पान कुठल्या पानानंतर येतं ते बघून. त्यामुळे तिला बऱ्याच पुस्तकांची पानांची टोकं पाठ होती आणि मधला मजकूर माहीत नव्हता, असं ती स्वतःच हसत सांगायची. धाकटीला मात्र तिने शिकवलं, लग्न करून दिलं. धाकटी नवऱ्याबरोबर परदेशात गेली तेव्हा चार वर्षांची पोर अक्काकडे ठेवून गेली, बस्तान बसेपर्यंत. बस्तान बसायला चार वर्षं लागली.

ती पोर म्हणजे भिंगरी. नाव अक्कानेच पाडलेलं, कारण दुकानात कागदाच्या गठ्ठ्यांमधून ती नुसती गरगरत असायची. आठ महिन्यांपूर्वी आईबाप तिला घेऊन इथे आले. आता ती नऊ वर्षांची होती आणि अक्का दुकानाला कुलूप लावून दोन महिन्यांसाठी तिला भेटायला आली होती. भिंगरीचं गरगरणं मात्र कुठे दिसत नव्हतं. ती खुर्चीत बसायची ती पुठ्ठ्यात दाबून ठेवल्यासारखी.

धाकटीने घसा साफ केला आणि पत्राचा मतलब सांगितला. वर्गात काही चुकलं की भिंगरी उभी राहते आणि डावा हात पुढे करते. तळहात वर. कुणी काही बोललं नाही तर तशीच उभी राहते. पहिल्यांदा बाईंना वाटलं, काहीतरी मागतेय. त्यांनी तिच्या हातावर पेन्सिल ठेवली. तिने पेन्सिल बाकावर ठेवली आणि परत हात पुढे केला. असं चार महिने चाललंय. गेल्या आठवड्यात तर तिला रडू आवरेना. तर मुलीला घरात कुणी मारतं का, याबद्दल बोलायचंय. आईवडिलांनी यावं आणि सध्या घरी राहायला आलेल्या नातेवाईक बाईंनीही यावं.

"म्हणजे मी," अक्का म्हणाली.

"म्हणजे तुम्ही," धाकटीचा नवरा, अक्काचा मेव्हणा, म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता आणि कुठलीही गोष्ट मधेच अडकली की पहिल्यांदा त्याच्या कपाळाला घाम फुटायचा. "ताई, इथे हे लोक फार कडक असतात. घरी चौकशीला येतात. शेजाऱ्यांना विचारतात. पोर उचलून नेतात, तुम्हाला कल्पना नाही."

"पोर उचलून नेतील? हात पुढे केला म्हणून?"

"आपण सरळ सांगू, तो खेळ आहे. आपल्याकडचा मुलांचा खेळ. हात पुढे करायचा, समोरच्याने टाळी द्यायची."

"छान. म्हणजे चूक झाली की टाळी."

"अक्का, प्लीज," धाकटी म्हणाली. ती दवाखान्याच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरींच्या घड्या घालून आलेली होती आणि तिला ही भानगडही घडी घालून कपाटात ठेवून द्यायची होती.

खरं तर अक्का आणि मेव्हण्याची जुंपायची ती याच विषयावरून. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का कुंपणाबाहेर उभी राहून इथली शाळा बघून आली होती. बाई जमिनीवर, मुलं टेबलांवर पाय हलवत. एक पोरगा पालथा पडून वाचत होता आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. गृहपाठ नाही, नंबर नाही. निकालपत्र आणून दाखवलं तर त्यात एकही आकडा नाही, नुसती वाक्यं. 'ती सावकाश विचार करते.'

"सावकाश म्हणजे किती?" अक्काने विचारलं होतं. "शंभरातले किती?"

"ताई, इथे मुलांना मोकळं वाढवतात."

"वाढवा की मोकळं. आमची सातव्या वर्षी एकोणतीसचा पाढा म्हणत होती. तुमच्या पालथ्या पोराला विचारा, सात नव्वे किती? इथे पहिलं कुणी येतच नसेल तर मग शाळेचा उपयोग काय?"

तो इथली शाळा मिरवायचा, ती तिकडची. दोघांच्या मधे भिंगरी बसलेली असायची आणि कुठल्या बाजूने मान हलवावी ते न कळून ताटातच बघायची.

आपल्याकडची ती शाळा अक्काने स्वतः निवडलेली. गावात सगळ्यात कडक म्हणून नाव असलेली. तिथली हजेरीपुस्तकं तीच बांधायची, म्हणून ओळखीने प्रवेश मिळाला. तेव्हा आता कुणी त्या शाळेवर शिंतोडे उडवले की तिच्या अंगाची लाही व्हायची.

"तिथे कुणी बोट लावलं नाही पोरीला," ती म्हणाली. "लावलं असतं तर मला कळलं नसतं?"

बुधवारी भिंगरी शाळेतून आली तेव्हा घरात दोघीच होत्या. अक्काने टेबलावर कोरे कागद मांडले होते. सुई, मेणाचा दोरा, घडी दाबायची हाडाची पट्टी ती येताना पिशवीत घालूनच आली होती. रिकाम्या हातांनी तिला बसता येत नाही. भिंगरी समोर बसली आणि न सांगता कागद दुमडायला लागली. उजव्या हाताने दुमडायची, उजव्याच हाताने दाबायची. डावा मांडीवर.

"दोन्ही हातांनी धर की गं. घडी वाकडी जातेय."

भिंगरीने डावा हात वर घेतला.

"वर्गात हा हात कशाला पुढे करतेस?"

"चुकलं की करायचा असतो."

"कुणी सांगितलं?"

भिंगरीने मावशीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू एवढ्या मोठ्या बाईला हे माहीत नसावं याचंच तिला नवल वाटत होतं. मग ती सांगत गेली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. डावाच हात, कारण उजव्याने लिहायचं असतं. पट्टी आडवी नाही, उभी धरतात, धारेने. एक शब्द चुकला तर एक. उत्तर रिकामं सोडलं तर दोन. हात मागे घेतला तर पहिल्यापासून मोजतात. रडलं तर चालतं, पण आवाज करायचा नाही.

अक्काचा दोरा सुईत होता, तो तसाच लोंबत राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाई म्हणाल्या, मावशीला सांगायचं नाही. तिलाच नकोय."

"मला नकोय?"

"तूच म्हणालीस ना मोठ्या बाईंना, चुकली तर तुमचं तुम्ही बघून घ्या, तक्रार घरी आणू नका. मी होते की तिथे. तुझ्या मांडीवर."

होती. अक्काला ती खुर्ची आठवली, इस्त्रीचे कपडे आठवले, आणि ते वाक्य तिने किती ऐटीत टाकलं होतं तेही. चौथीत शाळा सुटलेली बाई मुख्याध्यापिकेच्या खोलीत बसून पालक म्हणून बोलत होती. काहीतरी भारदस्त बोलायला हवं होतं, म्हणून ते बोलली. आणि आणखी एक दुपार आठवली. पोरगी एकाच हाताने फर्मे दुमडत होती, कामाच्या मुली फिदीफिदी हसत होत्या, आणि अक्का ओरडली होती, नखरे कसले करतेस, दुसरा हात काय भाड्याने दिलाय का?

"आणि इथे?" तिने विचारलं. आवाज चढू नये म्हणून तिने दात आवळले होते. "इथे तर कुणी मारत नाही. मग इथे कशाला?"

"इथे बाई म्हणतात, काही हरकत नाही." भिंगरीने घडी परत उलगडली. "मग चूक संपतच नाही. तिकडे हात पुढे केला की संपायची. इथे ती माझ्याबरोबर घरी येते."

अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे एक पातेलं घासलेलं होतं, ते तिने पुन्हा घासलं. मग फोन उचलला. तिकडे शाळा सुटायला अजून तास होता.

"मोठ्या बाई, पोरांच्या हातावर पट्टी मारता तुम्ही?"

"कोण? अगंबाई, बाइंडरबाई! परदेशातून? किती स्वच्छ ऐकू येतंय हो."

"उभ्या पट्टीने?"

पलीकडे खुर्ची कुरकुरली.

"एवढ्या लांबून हे विचारायला फोन केलात? अहो, आम्ही काय कसाई आहोत? मारत कुणी नाही. लागते कधीमधी पट्टी. शिस्त नको? आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, याच खोलीत. मी आजही इतर पालकांना तुमचं उदाहरण देते. म्हणते, शिकलेली नाही बाई, पण समज बघा."

अक्काने काय काय शिव्या ठरवून ठेवल्या होत्या, त्यातली एकही जिभेवर येईना.

"बरं, आपली मुलगी काय म्हणते?" मोठ्या बाई मायेने बोलत होत्या, आणि तेच असह्य होतं. "पहिली येत असेल ना तिकडे?"

"इथे पहिलं कुणी येत नाही."

"मग अशा शाळेचा उपयोग काय?"

हेच वाक्य, याच स्वरात, पंधरा दिवसांपूर्वी अक्काने मेव्हण्याला ऐकवलं होतं. तिने फोन ठेवला. राग उतू जात होता आणि भांडं एकच होतं, ती स्वतः.

धाकटी कामावरून आली तेव्हा अक्काने तिला सगळं सांगितलं. धाकटी ऐकता ऐकता पलंगावर बसली, थोडी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "पण उद्या हे बोलायचं नाही."

"का?"

"काय सांगू त्यांना? आम्ही पोर चार वर्षं सोडून आलो आणि तिकडे तिला बडवत होते? आधीच हे लोक आपल्याकडे कुठल्या नजरेने बघतात तुला माहीत नाही. तू दीड महिन्याने जाशील. मला इथे रोज फाटकापाशी उभं राहायचंय."

"आणि त्यांना वाटलं तू मारतेस, तर?"

"खेळ आहे म्हटल्यावर नाही वाटणार."

"आणि पोरगी? ती हात पुढे करत राहील, खेळ म्हणून?"

धाकटीने पलंगावरची चादर सारखी केली.

गुरुवारी शाळेत त्यांना एका लहान खोलीत बसवलं. खुर्च्या मुलांच्या उंचीच्या. मेव्हणा गुडघे कानाशी घेऊन बसला. समोर वर्गाच्या बाई, पंचविशीतली पोरगीच म्हणा, आणि मुख्याध्यापिका, जिच्या स्वेटरचं कोपर उसवलेलं होतं. अक्काच्या बोटांना ते शिवायची सुरसुरी आली. बाजूला भिंगरी. मुलीबद्दल बोलायचं तर मुलीसमोरच बोलायचं, असा इथला नियम. अक्काला हा नियम ऐकूनच चीड आली होती. पोरांसमोर मोठ्यांची अब्रू काढायची म्हणजे काय?

मेव्हण्याने सुरुवात केली. बोलता बोलता त्याने हात पुढे करून स्वतःलाच टाळी दिली आणि हसला. दोघी बाया हसल्या नाहीत. वर्गाच्या बाईंनी अक्काकडे बघून काहीतरी विचारलं.

"तुझ्याकडे राहायची ना, तर तुला काय वाटतं विचारतायत," धाकटी म्हणाली. आणि ओठ न हलवता, "थोडक्यात सांग."

"खेळबीळ काही नाही," अक्का म्हणाली. "आमच्या शाळेत तिला मारत होते. डाव्या हातावर, पट्टीच्या धारेने, तीन वर्षं. ती शाळा मी शोधली. मारलं तर मला सांगू नका, असं मी स्वतःच्या तोंडाने सांगून आले. हिच्या आईबापांचा यात काडीचा संबंध नाही, त्यांना काल कळलं. आणि यांनाही विचार, पोर चार महिने तुमच्यासमोर हात पुढे करून उभी राहते, तर तिला का नाही विचारलंत, कशाला उभी आहेस म्हणून? पेन्सिल कसली ठेवता हातावर? पत्रं कसली पाठवता घरी? तोंड नव्हतं तिला?"

धाकटी बोलली. दोन वाक्यं, शेवटी एक अवघडलेलं हसू.

अक्काला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आयुष्यभर पुस्तकं उचललेल्या हाताला पानं कमी असली की वजनावरून कळतं.

"एवढंच?" ती म्हणाली. "मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

"सांगितलं मी सगळं. तिकडे शिस्त जास्त असते, म्हटलं."

"शिस्त?"

"ताई, आवाज," मेव्हणा म्हणाला.

"आई चुकीचं सांगतेय," भिंगरी म्हणाली.

ती खुर्चीतून उठलेली नव्हती. आपल्या भाषेत एवढं बोलून ती त्या दोघी बायांकडे वळली आणि त्यांच्या भाषेत सांगायला लागली. धाकटीने मधे एकदा तिचं नाव घेतलं, नवऱ्याने दोनदा. ती थांबली नाही. एका जागी तिने डाव्या तळहातावर उजव्या हाताची धार आपटून दाखवली. एकदा, दोनदा, मग हात मागे घेतला, मग पुन्हा पहिल्यापासून. एका जागी तिने अक्काकडे बोट केलं आणि दोघी बायांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने नजर खाली घेतली नाही. घ्यावीशी फार वाटली.

वर्गाच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. बहुधा पेन्सिल आठवत असावी. मुख्याध्यापिकेने समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं, दुसरं लिहिलं आणि धाकटीशी हळू बोलली.

"घराबद्दल काही लिहिणार नाहीत," धाकटी कशीबशी म्हणाली. "तिकडच्या शाळेचं लिहून घेतलंय."

मेव्हण्याने इतका मोठा श्वास सोडला की इवली खुर्ची कुरकुरली. त्याच्या दृष्टीने भेट संपली होती. तो उठायलाच लागला होता, तेवढ्यात वर्गाच्या बाईंनी पुढे वाकून भिंगरीला काहीतरी विचारलं.

धाकटीने पर्स उचलली.

"काय म्हणाल्या?" अक्काने विचारलं.

"काही नाही. चल, निघू."

"बाई विचारतायत," भिंगरी म्हणाली, "मला मावशीचा राग येतो का." ती अक्काकडे वळली. "सांगू का?"

खोलीत सगळ्यांनी अक्काकडे बघितलं. भाषा न कळणाऱ्या दोघींनीही. अक्काच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कोण तुम्ही विचारणाऱ्या? चार वर्षं हिच्या तापात उशाशी कोण बसलं होतं, हिचे केस कुणी विंचरले, हिच्यासाठी वह्या कुणी शिवल्या? ते सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं, कारण पोरगी परवानगी मागत होती. सांगण्यासाठी. तिच्याच परवानगीची वाट बघत ही तीन वर्षं गप्प राहिली होती.

"मला काय विचारतेस?" अक्का खेकसली. "सांग ना!"

भिंगरीने एकच शब्द उच्चारला. इथे आल्यापासून अक्काला बसमध्ये, दुकानात, जिन्यात ऐकून तेवढा एकच शब्द समजायला लागला होता.

तो 'हो' होता.

"अगं!" धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस," अक्का म्हणाली. "कशाकशाचा येतो तेही सांग. आपल्या भाषेत. मला कळू दे."

"शाळेचा येतो," भिंगरी म्हणाली. "तू ती शाळा चांगली आहे म्हणतेस त्याचा येतो. रोज जेवताना म्हणतेस."

"हं."

"बाबा इथली चांगली म्हणतात त्याचा पण येतो. मला कुणी विचारत नाही."

मेव्हण्याचे कान लाल झाले. "बास आता. मोठ्यांशी असं बोलतात?"

"मेव्हणे, बसा खाली," अक्का म्हणाली, आणि तो बसला.

"माझा हात सुजला होता," भिंगरी म्हणाली. आता तिचा आवाज चढायला लागला होता, अगदी अक्काचा चढतो तसा, शेवटचा शब्द दाबून. "तू बघितलास. बघितलास आणि नखरे म्हणालीस. दुकानातल्या सगळ्या मुलींसमोर म्हणालीस. त्या हसल्या!"

"हो," अक्का म्हणाली. "म्हणाले मी तसं."

"मग मी दोन्ही हातांनी काम केलं!"

"केलंस."

वर्गाच्या बाईंना एक अक्षर समजत नव्हतं, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. बाहेर घंटा झाली, मुलांचा लोंढा दारावरून धडधडत गेला. भिंगरीने श्वास घेतला. अक्काने त्या बुटक्या खुर्चीत पाय जवळ ओढले, पाठ ताठ केली.

"झालं?" धाकटीने हळूच विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली. "अजून खूप आहे."